हिरामावशीला बारावी श्रद्धांजली

मावशे,

परवा तुझ्या दहाव्याला नदीवरचं सगळं आटोपलं आणि सुनंदाताई माझ्याकडे बघून म्हणाली, "दिन्या, तू बोल दोन शब्द. तुला बोलाया येतं." तुझी लेक सरळ मनाची आहे, तिला टोमणे मारता येत नाहीत. त्यातला टोमणा मला एकट्यालाच ऐकू आला. मी उठलो, शर्टाची सुटलेली गुंडी लावली, घसा साफ केला, आणि तोंडातून आपोआप वाक्य बाहेर पडलं: "मावशी गेली, आणि गाणं अर्धंच राहिलं."

वाक्य चांगलं आहे. असणारच, अकरा वेळा वापरून गुळगुळीत केलेलं आहे. त्या अकराही वेळा तू जिवंत होतीस.

पुढचं मला बोलवेना. तसाच उभा राहिलो. लोकांना वाटलं, पोराला हुंदका आला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, एका म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवला. म्हणजे तू खरोखर गेल्यावरसुद्धा त्या वाक्याची कमाई मलाच. म्हणून हे लिहायला बसलोय. तोंडी सांगायला लागलो की मी गोष्ट रंगवतो, लोक हसतात, आणि हसणाऱ्या लोकांतून मी हळूच सटकतो. कागदावरून सटकायला जागा कमी असते असं ऐकून आहे.

तुला आमचा बँड कधी बँड वाटलाच नाही. बँड म्हणजे वरातीपुढे लाल कोट घालून चालतो तो. आम्ही चौघे काळे टीशर्ट घालून एका जागी उभे. पहिल्याच दिवशी तू विचारलं होतंस, "कुणाची मयत हाये का रं?" नाव 'डांबर' असं सांगितल्यावर म्हणालीस, "रस्त्याला मिळत नाय, आन् ह्यांनी नावाला लावलंय." ते नाव ठेवताना आम्ही तीन महिने भांडलो होतो. तू एका वाक्यात त्याचा निकाल लावलास.

मी शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा, दिवसभर लोकांच्या सातबाऱ्याच्या नकला काढणारा. मंगेश, म्हणजे आपला मंग्या, मुरबाडच्या एमआयडीसीत पाळ्या करून उरल्या वेळात ड्रम वाजवणारा. बाकी दोघांनी माझ्याइतकी पापं केलेली नाहीत, म्हणून त्यांना यातून वगळतो. आम्हाला एक सलग अल्बम करायचा होता. नऊ गाणी, एका नवरीचा एक दिवस, हळद लागते तिथपासून ती नवऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडते तिथपर्यंत. ही कल्पना मला सुचली असं मी दोन ठिकाणी मुलाखतीत सांगितलंय. मला काय सुचणार? आमच्याकडे लग्न लावतो भटजी, पण लग्न चालवते ती धवळे, म्हणजे एकेका विधीची गाणी, म्हणणारी बाई. तिने धवळा उचलल्याशिवाय हळद हलत नाही, पाणी तापत नाही, नवरी पाटावर बसत नाही. सगळा दिवस तुझ्या तोंडात ओळीने लावलेला होता. मी फक्त नक्कल काढली. धंदाच तो माझा.

तू माझ्या आईच्या माहेरची, म्हणून मावशी, म्हणून तू नाही म्हणाली नाहीस. शहापूरबाहेरच्या एका रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडला आतून गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंगची सोय केली होती. कोंबड्या जाऊन वर्ष झालं होतं, वास गेला नव्हता. मी तुझ्या डोक्यावर हेडफोन चढवले, माइक तोंडासमोर आणला आणि सांगितलं, मावशे, हळदीचा म्हण. तू इकडेतिकडे बघितलंस. "हळद कुनाला लागतेय?"

मी समजावलं की कुणाला नाही, नुसतं म्हणायचं. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी तुला रिकाम्या ताटावर जेवायला बसवलंय. शेवटी सुनंदाताईच्या पिशवीतून हळद निघाली, मंग्याला उघडा करून खोक्यावर बसवला, आणि तू गात असेपर्यंत आम्ही तिघे त्याला हळद चोळत होतो. गाणं अकरा मिनिटांचं. नीट आलं नाही म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. चार दिवस मंग्या कंपनीत पिवळा होऊन जात होता. सुपरवायझरने त्याला कावीळ समजून घरी पाठवलं, ती भरपगारी रजा त्याने तुझ्या खात्यावर मांडली.

एकेक करत आठ धवळे झाले. नववा उंबऱ्याचा. नवरी दारात येते, सासू आतून विचारते, काय घेऊन आलीस, नवरी एकेक सांगते, आणि शेवटच्या ओळीला पाऊल आत पडतं. तू सुरू केलास, सासूचे प्रश्न झाले, नवरीची उत्तरं झाली, आणि शेवटच्या ओळीच्या अलीकडे गप्प झालीस. मला वाटलं विसरलीस. तू हेडफोन काढून मांडीवर ठेवलेस.

"फुडं उंबरा हाये. नवरी कुठाय?"

मंग्या लगेच उठला, म्हणाला, मावशे, मी डोक्यावर पदर घेतो. तू पोट धरून हसलीस, पण मान हलवलीस. "हळद कुनालाबी लागते रं. उंबरा खोटा नाय वलांडायचा. धवळा मदी सोडला तं नवरी वाटंत ऱ्हाते, आन् नवरी नसताना पुरा केला तं कोन आत येईल ते सांगता येत नाय." मग माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "ह्याच्या लग्नात म्हनीन. तवा भरून घ्या तुमच्या मशिनीत."

माझं लग्न ही आमच्या घरात आधीच थट्टेची बाब होती, तू त्यात अल्बमपण अडकवून ठेवलास. मी तुटलेलं गाणं तसंच शेवटी ठेवलं. तुझा आवाज एकदम थांबतो आणि मागे पोल्ट्रीच्या पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येतो, तोही काढला नाही. सगळे म्हणाले, जबरदस्त शेवट. मी नम्रपणे मान खाली घातली.

एका गोष्टीवरून आपलं भांडण बरेच दिवस मिटलं नाही. तू म्हणायचीस, "ऐकाया म्हनून कोन गानं बोलतं?" गाण्याने काम पुढं सरकलं पाहिजे. जात्याचं गाणं दळण सरकवतं, भातलावणीचं गाणं आवणी सरकवतं. "तुमच्या गान्यानं काय सरकतं?" मी म्हणालो, माणसाचं मन सरकतं. तू भाकरी उलटता उलटता म्हणालीस, "मन बसल्या जागी सरकतं. त्याला चौघं कशाला लागतात?" मी घरी येताना स्कूटरवर तीन उत्तरं तयार केली, तिन्ही शहापूर येईपर्यंत फुसकी निघाली.

मग आम्ही अल्बम घेऊन फिरायला लागलो. पहिला कार्यक्रम पुण्यात, एका छोट्या हॉलमध्ये. आम्ही वाजवायचो आणि तुझा आवाज लॅपटॉपवरून यायचा. शेवटचं गाणं तुटलं, अंधार झाला, आणि दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, गाणं असं मध्येच का थांबतं?

खरं उत्तर तयार होतं. पोल्ट्री, हेडफोन, नवरी कुठाय, सगळं. पण ती मुलगी डोळ्यांत पाणी आणून विचारत होती, आणि पाण्याला पोल्ट्री शोभेना. मी माइक जवळ घेतला आणि म्हणालो, "मावशी गेली, आणि गाणं अर्धंच राहिलं."

सगळा हॉल उभा राहिला. मावशे, माझ्यासाठी आजवर कुणी बसमध्येसुद्धा उठलेलं नाही.

टेम्पोत बसल्यावर मंग्याने विचारलं, "मावशी कुठं गेली रे?" मी म्हणालो, कार्यक्रमाला आली नाही ना, म्हणजे गेलीच की. तो हसला नाही. नाशिकच्या वेळी तो म्हणाला, हे वाक्य नको. मी म्हणालो, शेवटचं एकदा. अशा शेवटच्या एकदा दहा वेळा झाल्या. वाक्यापुढे मी तीन सेकंद थांबायला शिकलो. एका ठिकाणी डोळे पुसले. अभिनय नव्हता तो, हे सगळ्यात वाईट. मला खरंच रडू यायचं, आणि कार्यक्रम संपल्यावर भूक लागायची.

अकरावा कार्यक्रम म्हशाच्या जत्रेत. आपल्या घरचा. तिथल्या पोरांच्या मंडळाने आमचे व्हिडिओ बघून बोलावलं होतं, आणि पोरं मनापासून तयारीला लागली होती. बैलबाजाराच्या कडेला स्टेज, उन्हं कलायची वेळ. मी स्टेजवर चढलो आणि बघतो तर खुर्चीवर तुझा फोटो. हेडफोन घालून हसतेस तो, मीच पोस्टरला पाठवलेला. त्याला झेंडूचा हार, पुढे समई, उदबत्ती, आणि खाली 'कै. हिराबाई'.

तू येणार हे मला माहीत नव्हतं. तू आली होतीस घोंगडी घ्यायला. जत्रेत कुणीतरी सांगितलं, दिन्याचा कार्यक्रम आहे, म्हणून काखेत नवी घोंगडी धरून तू सरळ स्टेजपाशी आलीस. मंडळाच्या अध्यक्षाने तुला ओळखलं नाही. त्याला पुढ्यात एक वयस्कर बाई दिसली, आणि तो म्हणाला, "आजी, तुमच्या हातानं फूल वाहा फोटोला."

तू फोटोकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. मग घोंगडी मंग्याच्या ड्रमवर ठेवलीस, दोन्ही हातांनी फूल घेतलंस, स्वतःच्या फोटोला वाहिलंस आणि हात जोडलेस. नेहमीप्रमाणे दोनदा, एकदा देवाला आणि एकदा असाच.

माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालीस, "फोटू बरा आलाय. हार बी ताजा हाये."

माफी मागायची वेळ असलीच तर ती होती. मी काय म्हणालो? "मावशे, जित्या माणसाला असं केलं की आयुष्य वाढतं म्हणतात." तू हसलीस. "वाढू दे मंग." आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसलीस. शेवटी तुझा आवाज तुटला, तीन सेकंद गेले, आणि तू समोर बसलेली असताना माझी जीभ सवयीने त्याच वाटेला गेली. मी ते वाक्य पूर्ण म्हटलं. टाळ्यांत तूपण टाळ्या वाजवल्यास. मंग्याने त्या दिवशी काठ्या आवरल्या आणि माझ्याशी न बोलता जीपने निघून गेला.

हा प्रसंग मी पुढे पन्नास जणांना सांगितला असेल. लोक लोटपोट होतात. त्यापुढचा भाग मी कुणाला सांगत नाही.

पुढचा भाग असा की लग्नसराई आली आणि तुझ्या दारात सुपारी आली नाही. धवळ्यांना बोलवायचं तर नवऱ्याच्या घरून कुणी येतं, तांदळावर सुपारी ठेवून देतं. तू ती घेतलीस की शब्द झाला. दरसाल तुझ्याकडे तारखांची भांडणं लागायची. त्या वर्षी दूरच्या गावांनी व्हिडिओ बघून तू गेलीस असंच धरलं. जवळच्यांना माहीत होतं तू आहेस, पण हार पडलेल्या फोटोची बाई मांडवात कशाला, असं बायकांच्यात निघालं. तोंडावर कुणी बोललं नाही. तू पडवीत बसून तांदूळ निवडायचीस आणि लांबून कुठूनतरी डीजे ऐकू यायचा.

मी आलो होतो माफी मागायला. तीनदा आलो. पहिल्यांदा तू भाकरी आणि सुकटाची चटणी वाढलीस, आणि तोंड भरलेलं असताना माफी मागता येत नाही. दुसऱ्यांदा मी सुरुवात केली आणि मध्येच मला विनोद सुचला. तिसऱ्यांदा तूच म्हणालीस, "औंदा बरंय, घसा विसावतोय." मी लगेच हो म्हणालो.

मग मंग्याचं लग्न ठरलं. आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो. मी म्हणालो, मावशीला सुपारी मी देणार. तांदूळ, सुपारी, नवं पातळ, सगळं घेऊन आलो तुझ्याकडे. तू सुपारी हातात घेऊन बराच वेळ बघत होतीस. "चालंल का त्यांना?" असं विचारलंस. मी छातीवर हात मारून म्हणालो, चालेल म्हणजे काय. सकाळी नऊला जीप फाट्यावर येईल, तू तयार राहा. "मंग तुमच्या अल्बमचा उंबरा बी पुरा करू," तू म्हणालीस. एवढी खुशीत मी तुला पोल्ट्रीनंतर पहिल्यांदा बघितली.

लग्नाच्या दोन दिवस आधी मंग्याच्या आईने मला बाजूला घेतलं. बाई वाईट नाही. एकुलता एक मुलगा, जिवात जीव नाही. म्हणाली, "दिनेश, मला हिराबाय बहिणीसारखी. पर माझ्या पोराच्या उंबऱ्यात नको." मंग्या तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं बरोबर होतं, कारण तो हार त्याच्या आईने घातला नव्हता. मी म्हणालो, मी बघतो. आणि वर हुशारी केली. म्हणालो, आवाज तर आहे आपल्याकडे, लॅपटॉपवर लावू. तिला ते पटलं. तुझा आवाज चालत होता, मावशे. तू चालत नव्हतीस.

जीपवाल्याला मी त्याच संध्याकाळी फोन करून नको म्हटलं. तुला सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं नाही. उद्या सांगू म्हणालो, मग सकाळी सांगू म्हणालो, मग मांडवात स्पीकर लावायला गेलो.

दिवसभर तुझे धवळे वाजले. हळद, पाणी, बाशिंग, सगळं ओळीने झालं. संध्याकाळी वरात दारात आली. नवरी उंबऱ्याशी उभी राहिली, मी नववं गाणं लावलं. सासूचे प्रश्न झाले, नवरीची उत्तरं झाली. बायका सरसावल्या. नवरीने पाऊल उचललं, आणि तुझा आवाज थांबला. पत्र्यावर कावळा चालला.

ती पोरगी पाऊल तसंच उचलून उभी. ते आत टाकायला तिला कुणी सांगेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बटणं दाबतोय, जसं काही पुढचं तिथे आतच कुठेतरी अडकलंय. शेवटी मंग्याची आई कशीबशी म्हणाली, "ये गो, ये आत," आणि ती मुकाट्याने आत आली. तुझं-माझं भांडण तेव्हा मिटलं. तू जिंकलीस. पाच हजार वॅटचे स्पीकर होते आणि एक पाऊल सरकत नव्हतं.

चार दिवसांनी तुझ्याकडे आलो. तू नऊवारी नेसून फाट्यावर नऊ ते एक बसली होतीस हे मला पानाच्या टपरीवाल्याकडून कळलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगत होतीस, लग्नाला चाललेय, जीप येतेय. मी दारात पाय ठेवायच्या आत तू विचारलंस, "नवरी आत घेतली का नीट?"

"घेतली."

"धवळे कोन बोललं?"

"कुणी नाही. मावशे, जीप बंद पडली गं वाटेत."

"असंल," म्हणालीस. "जीपच ती." आणि चहा टाकायला उठलीस.

त्यानंतर मी चार-पाचदा तरी आलो असेन. प्रत्येक वेळी निघताना तू म्हणायचीस, "काय सांगायचं व्हतं का रं?" मला वाटायचं तू असंच विचारतेस. मी म्हणायचो, नाही गं, सहज आलो होतो.

परवा दहाव्याहून निघताना सुनंदाताईने मला थांबवलं. आतून हळदीची डबी आणली. तीत सुपारी होती, मी दिलेली. आपल्यात रीत आहे, शब्द घेऊन जाणं झालं नाही तर सुपारी परत द्यायची. ताई म्हणाली, "मी बोलले आयला, नेऊन देते शहापूरला, दुकानात. तं नाय बोलली. बोलली, त्याला येऊ दे. तो आला आन् बोलला, का मंग देईन मी."

ताईला वाटलं, मी सुपारी मागायचं विसरलो. मी काही बोललो नाही. पुन्हा नाही बोललो. सुपारी आता दुकानात गल्ल्यावर समोर आहे. दिवसभर लोक खऱ्या कागदांच्या नकला मागत उभे असतात आणि ती बघत असते.

मावशे, जीप बंद पडली नव्हती. मी पाठवलीच नव्हती.